देवगिरी ते चारणाद्री : पाण्याच्या वाटेने

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणारी बहुतेक कुटुंबे दौलताबादचा किल्ला मोटारीच्या काचेतूनच पाहतात. कोणी तासभर थांबतात, चाँदमिनारापाशी छायाचित्र काढतात, हंगाम असेल तर रस्त्याच्या कडेला मांडलेली सीताफळे घेतात आणि घाट चढून खुलताबादमार्गे लेण्यांकडे निघून जातात. दौलताबाद ते वेरूळ हे अंतर अवघे पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. वाहनाने ते अर्ध्या तासात संपते. पायी चालणाऱ्याला मात्र पूर्ण दिवस लागतो. हा दिवस ज्याने या वाटेला दिला, त्याच्या ध्यानी एक गोष्ट येते. या डोंगरात किल्ला, पेठ, तलाव, लेणे आणि जिनालय यांच्या जागा निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या शतकांत निवडल्या. पण त्या सर्वांनी आधी पाणी कोठे थांबते ते पाहिले होते.

‘दौलताबाद’ हे नाव मुहम्मद तुघलकाने दिले. त्याआधी ही देवगिरी होती. यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास येथे राजधानी वसविली. तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी येथे आणली आणि काही वर्षांतच ती परत नेली. त्या माघारीची अनेक कारणे इतिहासकार सांगतात. एवढ्या मोठ्या वस्तीला पाणी पुरेनासे झाले, हेही त्यांतील एक. नावात दौलत आली म्हणून घागरीत पाणी येत नाही, हा धडा या गावाने राजधानीलाही शिकविला.

या प्रदेशात पाऊस वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही प्रामुख्याने चार महिन्यांत. व्यापारी कुटुंबांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. जमा वर्षातून एकदाच होते, खर्च मात्र रोजचा आहे. अशा व्यवहारात शिल्लक सांभाळण्याची रीत ज्याला साधली तोच टिकतो. येथील डोंगर मुळात ही शिल्लक फार काळ धरून ठेवणारे नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी ओतलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक बसून हे सह्याद्रीचे फाटे तयार झाले. घट्ट काळा पाषाण पाणी आत घेत नाही. मात्र दोन थरांमधला सच्छिद्र, भेगाळलेला खडक आणि त्यावरचा मुरूम पाणी पितो. तेच पाणी पुढे उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. ही ओल कोठे उमटते हे ज्याने ओळखले, त्याने तेथे टाके खोदले, बांध घातला किंवा लेणे कोरले.

पायी फेरीची सुरुवात किल्ल्यातूनच करावी. महाकोटाचे दरवाजे ओलांडून आत गेल्यावर डाव्या हाताला हत्ती हौद लागतो. सुमारे ४७ मीटर लांब, जवळजवळ तितकाच रुंद आणि सहा मीटरांहून अधिक खोल असा हा दगडी हौद पाहताना प्रथम त्याच्या आकाराचेच आश्चर्य वाटते. खरे आश्चर्य मात्र जमिनीखाली आहे. भोवतालच्या डोंगरांतील तलावांत साठलेले पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या बळावर, येथपर्यंत आणलेले होते. नळाच्या एका तुकड्याचे तोंड दुसऱ्यात बसवून चुन्याने सांधा बुजवायचा आणि वरून दगडी आच्छादन घालायचे, अशी ही साधी रीत. तिच्यात यंत्र नाही. पण उताराचा हिशेब चुकला असता तर थेंबही पोहोचला नसता.

हौदाजवळच भारतमाता मंदिर आहे. कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने १३१८ मध्ये येथे मशीद उभी केली, तेव्हा तिच्यासाठी जुन्या हिंदू व जैन मंदिरांचे स्तंभ वापरण्यात आले. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यानंतर येथे भारतमातेची मूर्ती बसविली गेली. त्या स्तंभांवरील नक्षी शांतपणे पाहिली म्हणजे देवगिरीत एके काळी किती जिनालये असतील याची कल्पना येते. चौदाव्या शतकात ‘विविधतीर्थकल्प’ हा तीर्थांचा ग्रंथ रचणारे आचार्य जिनप्रभसूरी तुघलकाच्या काळात दिल्लीहून येथे आले होते. जैन संघ, जैन शेठ आणि जैन साधू यांच्या वावराने ही नगरी त्या काळी परिचित होती.

याच शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी येथे येऊन गेला. येथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नमूद केले आहे. येथील जडजवाहिराच्या व्यापाऱ्यांची अमाप संपत्तीही त्याने नोंदविली आणि त्यांना ‘साह’ म्हणतात, असेही लिहून ठेवले. ‘शाह’ आणि ‘साहू’ ही आडनावे आज ज्या घरांत आहेत, त्यांनी ही नोंद वाचून क्षणभर थांबावे. दोनदा फळणारी बाग आणि जवाहिराची पेढी या दोन्हींच्या मागे एकच आधार होता. तो म्हणजे डोंगरातून उतरणारे आणि वाटेत अडविलेले पाणी.

पुढे खंदक लागतो. टेकडीचा कडा सुमारे पन्नास मीटर उंचीपर्यंत तासून गुळगुळीत केलेला आणि त्याच्या पायाशी खडकातच खोदलेला पाण्याचा खंदक, ही देवगिरीची खरी तटबंदी. या किल्ल्याशी जोडलेली एक कथा प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने अचानक चाल केली, तेव्हा घाईघाईने किल्ल्यात पोती भरण्यात आली. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या तांड्याचा तो माल होता. वेढा पडल्यावर पोती उघडली, तर त्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. किल्ला अभेद्य, तरीही राजा रामचंद्रदेवाला तह करावा लागला. साठा मोजताना पोत्यांची संख्या मोजली गेली, आत काय आहे हे पाहिले गेले नाही. आज धरणांच्या साठ्याचे आकडे वाचतानाही, त्यांत पाणी किती आणि गाळ किती, हा प्रश्न विचारावासा वाटतो तो यामुळेच.

किल्ल्यावर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. ते या किल्ल्याचे किल्लेदार आणि संत एकनाथांचे गुरू. पैठणहून आलेल्या एकनाथांनी येथेच गुरुसेवा केली. देवगिरीच्या डोंगरातील पाणी शेवटी गोदावरीला मिळते आणि पैठण गोदावरीच्या काठी आहे. गुरुशिष्यांची ही दोन गावे एकाच खोऱ्याची वरची आणि खालची टोके आहेत.

किल्ला उतरून चालणाऱ्याने दौलताबादच्या परिसरातील तलावांकडे वळावे. मोमबत्ता तलाव त्यांत सर्वपरिचित. दिवाळीनंतर त्याच्या काठी सकाळी निवांत बसले तर टिबुकली पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येताना दिसते. काळे वारकरी पक्षी थव्याने तरंगत असतात, राखी बगळा उथळ पाण्यात तासभर एका जागी उभा असतो आणि खंड्या वाळक्या फांदीवरून झेप घेतो. काठावर पळस, बोर आणि निर्गुडी. उतारांवर सीताफळाची झाडे. या फळाला येथील मुरमाड जमीन आणि पाण्याचा ताण दोन्ही मानवतात, म्हणूनच दौलताबादच्या सीताफळाचे नाव दूरवर आहे.

तेथून जुना घाट सुरू होतो. वाटेत दिल्ली दरवाजा उभा आहे. घाटाच्या वळणावर मागे वळून पाहिले की किल्ल्याची टेकडी, तटाच्या रांगा आणि मधली सखल जमीन एका नजरेत येते. पावसाचे पाणी कोणत्या ओहोळाने कोठे जाते आणि ते अडविण्यासाठी बांध नेमक्या त्याच जागी का घातले, हे येथून नकाशासारखे स्पष्ट दिसते. किल्ल्यात उभे राहून जे कळत नाही, ते या वळणावर कळते.

घाट चढून गेल्यावर कागजीपुरा लागतो. हाताने कागद बनविणाऱ्यांचे हे गाव. हा व्यवसाय येथे तुघलकाच्या काळी आला, असे सांगितले जाते. मराठेशाहीच्या दप्तरखान्यांत ‘दौलताबादी कागद’ हे नाव मानाचे होते. चिंध्या भिजवून कुटायच्या, लगदा धुवायचा, हौदातून साच्यावर पातळ थर उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. यांतील जवळजवळ प्रत्येक पायरीला पाणी लागते. येथे बांधाआड पाणी साठले नसते तर येथला कागद झाला नसता. दिवाळीला वही-पूजन करणाऱ्या घरांनी या गावातून जाताना थोडे थांबावे. ज्या वहीवर आपण ‘शुभ-लाभ’ लिहितो, त्या वहीचा इतिहासही पाण्यापासून सुरू होतो.

खुलताबादेत औरंगजेबाची साधी कबर आहे आणि मलिक अंबरचा मकबराही आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले आणि तेथे नहर-ए-अंबरी आणली. डोंगरातले झिरपते पाणी भुयारी नहरांतून गावात खेळविणारी ही योजना त्याच परंपरेतली, जिचा एक नमुना प्रवाशाने सकाळी हत्ती हौदापाशी पाहिलेला असतो. सत्ता बदलल्या, भाषा बदलल्या, धर्म बदलले. पाणी आणण्याची विद्या मात्र एकाने दुसऱ्याकडून घेतली आणि पुढे दिली.

खुलताबादहून वेरूळकडे उतरताना डोंगराची कड लागते. म्हैसमाळच्या बाजूने येणारी येळगंगा येथे कड्यावरून खाली झेपावते. एकोणतिसाव्या लेण्याजवळ तिचा धबधबा आहे; लोक त्याला ‘सीता की नहाणी’ म्हणतात. श्रावणात तो गर्जत असतो, मार्गशीर्षात त्याची बारीक धार उरते आणि चैत्रात कातळावर केवळ काळा डाग दिसतो. वेरूळची चौतीस लेणी दोन किलोमीटरच्या या कड्यात कोरलेली आहेत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील कैलास लेणे जगभर प्रसिद्ध आहे. पण पायी आलेल्या माणसाने उत्तरेकडच्या टोकापर्यंत जाणे सोडू नये. तेथे तिसाव्या ते चौतिसाव्या क्रमांकाची जैन लेणी आहेत.

इंद्रसभेच्या अंगणात मानस्तंभ आणि अखंड दगडाचा हत्ती आहे. वरच्या मजल्यावर आम्रवृक्षाखाली अंबिका बसलेली आहे आणि झाडावर आंबे लगडलेले आहेत. बाहुबलींच्या पायांवरून वेली चढलेल्या आहेत, जवळ हरणे विसावलेली आहेत. भगवान पार्श्वनाथांवर नागाने फणा धरलेला आहे आणि भोवती कमठाच्या उपसर्गाचा कल्लोळ आहे. दिवसभर रानातून चालून आल्यावर हे शिल्प वेगळे दिसते. कारागिरांनी मूर्तीबरोबर भोवतालचे रानही कोरले. जो स्थिर उभा राहिला त्याला वेलीने, हरणाने आणि नागाने आपले मानले, एवढेच ते शिल्प सांगते.

या लेण्यांच्या वर टेकडीवर भगवान पार्श्वनाथांची पद्मासनातील भव्य मूर्ती आहे. नागफणीसह ती सुमारे १६ फूट उंच भरते. तिच्या आसनावरील लेख शके ११५६, फाल्गुन शुद्ध तृतीयेचा, म्हणजे १२३५ सालच्या प्रारंभीचा आहे. वर्धनपूर येथील राणुगी, त्याचा मुलगा गालुगी आणि गालुगीचा मुलगा चक्रेश्वर अशी वंशावळ त्यात दिली आहे. चक्रेश्वराने चारण मुनींचा वावर असलेल्या या टेकडीवर पार्श्वनाथांची स्थापना केली, अनेक जिनमूर्ती करविल्या आणि चारणाद्रीला तीर्थरूप दिले, असा त्याचा आशय. दानाने कर्मक्षय व्हावा, एवढीच अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे.

हा लेख कोरला गेला तेव्हा देवगिरीच्या गादीवर यादव राजा सिंघण होता आणि राज्य वैभवाच्या शिखरावर होते. त्यानंतर जेमतेम एकसष्ट वर्षांनी देवगिरीच्या भांडारातील सोने, मोती आणि रेशीम उंटांवर लादून उत्तरेकडे गेले. ज्या दौलतीवरून पुढे गावाचे नाव पडले, तिच्यातले तेथे काही उरले नाही. चक्रेश्वराने मात्र आपली संपत्ती ज्या दगडात ठेवली तो दगड आजही टेकडीवर आहे, आणि त्याच्या पायाशी झिरपणारे पाणी दरवर्षी येळगंगेला मिळते. सकाळी किल्ल्यापासून निघालेल्या प्रवाशाला दिवसाअखेर या दोन हिशेबांची तुलना आपोआप सुचते.

येथील पाण्याचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. देवगिरी-वेरूळच्या दक्षिणेकडे उतरणारे ओढे शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात जातात. पैठणजवळ जायकवाडी धरणाने गोदावरी अडविली आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये त्याची कोनशिला बसविली आणि १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. त्यामागचा नाथसागर विस्ताराने मोठा, पण काठांना उथळ आहे. या उथळपणामुळेच तेथे पाणथळ जमीन तयार झाली आणि १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित झाले. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, तलवार बदके, चक्रवाक आणि लांब पायांचे रोहित येथे उतरतात. पाणी ओसरते तसतशी उघडी पडलेली जमीन शेतकरी पेरतात. तिला गाळपेर म्हणतात. हरभऱ्याच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे पक्ष्यांची रांग, हे दृश्य माघातल्या सकाळी मनात ठसते. पैठणलाच भगवान मुनिसुव्रतनाथांचे प्राचीन अतिशय क्षेत्र आहे. दुसरा दिवस हाताशी असेल तर दर्शन आणि पक्षिनिरीक्षण एकाच फेरीत साधते.

परंतु हाच नाथसागर दुष्काळी वर्षांत तळ दाखवितो. २०१६ मध्ये मराठवाड्यातील लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट फार जुनी नाही. जुने तलाव गाळाने भरत आहेत, ओढ्यांच्या तोंडाशी प्लास्टिकच्या बाटल्या अडकतात आणि धबधब्याखाली सुट्टीच्या दिवशी एवढी गर्दी होते की पाण्याचा आवाज ऐकू येत नाही. जे पाणी आठशे वर्षे जपले गेले ते एका पिढीच्या बेफिकिरीने हरवू शकते. यावर उपाय नाही असे नव्हे. भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोकांच्या आणि शासनाच्या सहभागाने तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेतले. काढलेला गाळ शेतकऱ्यांच्या शेतात गेला. चक्रेश्वराच्या दानाला आजच्या काळात कोणते रूप द्यावे, याचे हे एक उत्तर म्हणता येईल.

या वाटेने कुटुंबासह चालायचे तर ऋतू विचारपूर्वक निवडावा. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो. पण त्या दिवसांत पायवाटेवर गवत, शेवाळ आणि सूक्ष्म जीव यांची दाटी असते. साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवितात तो याच कारणाने. कार्तिकी पौर्णिमेनंतर त्यांचा विहार पुन्हा सुरू होतो. त्या वेळी ओढ्यांत पाणी टिकून असते, वाटा कोरड्या झालेल्या असतात आणि पाहुणे पक्षी नुकतेच उतरलेले असतात. गृहस्थानेही तोच काळ साधावा. चार हात पुढची जमीन पाहत पाऊल टाकण्याची ईर्यासमितीची शिकवण डोंगरातील चालीला तंतोतंत लागू पडते; जीवही वाचतो आणि पायही मुरगळत नाही.

पहाटे लवकर निघावे. किल्ला दोन-अडीच तासांत पाहून घाट उन्हाआधी चढावा. गाळलेले पाणी घरूनच न्यावे, शिदोरी सूर्यास्तापूर्वी संपेल एवढीच घ्यावी आणि रिकामी वेष्टने परत आणावीत. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. वृद्धांनी घाटाचा टप्पा वाहनाने करावा आणि तलावाकाठी व लेण्यांपाशी चालावे. मुलांना बरोबर अवश्य न्यावे. त्यांना सनावळ्या पाठ झाल्या नाहीत तरी चालेल. किल्ल्यातील हौदात पाणी कोठून येत असे, एवढा एक प्रश्न त्यांना सकाळी विचारावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये. संध्याकाळी चारणाद्रीवर पार्श्वनाथांच्या चरणांशी बसून खालच्या खोऱ्याकडे पाहताना बहुतेक मुले ते स्वतःच सांगतात.